प्रकल्प नोंदी: उतारावरची गोळी आणि वेग-काल आलेख

सोमवार, १ जुलै २०२४

नववीच्या विज्ञानातला पहिलाच पाठ गतीच्या नियमांचा आहे. मुले गतीविषयक तिन्ही समीकरणे पाठ करतात, किमती घालून उदाहरणेही बरोबर सोडवतात. पण त्वरण म्हणजे नेमके काय, असे विचारले की "जोरात जाणे" हेच उत्तर येते. या वर्षी आठ जणांचा गट करून हा एकच विषय महिनाभर हाताने करून पाहायचा, असे ठरवले आहे. नोंदी मी स्वतः ठेवणार आहे, कारण कोणता गैरसमज कोणत्या दिवशी सुटला, हे मला पुढच्या वर्गासाठी हवे आहे.

आज शिकवायच्या आधी दोन प्रश्न विचारले. पहिला असा: एक मोटार महामार्गावर ताशी ८० किमी या स्थिर वेगाने सरळ रस्त्याने चालली आहे आणि एक एसटी थांब्यावरून नुकतीच सुटली आहे, तर त्या क्षणी त्वरण कोणाचे जास्त? आठपैकी सात जणांनी मोटार असे लिहिले. मुलांना दोष द्यावा असे यात काही नाही. मराठीत त्वरा म्हणजे घाई, त्वरित म्हणजे लगेच. त्यामुळे जे घाईने धावते त्याचे त्वरण जास्त, असे मुलांना वाटणे साहजिक आहे. जुन्या मराठी लेखनात याच अर्थी प्रवेग हा शब्द आढळतो, पण तोही ऐकणाऱ्याला वेगाकडेच नेतो. त्वरण हे वेगाचे मोजमाप नसून वेग किती वेळात किती बदलला याचे मोजमाप आहे, ही गोष्ट व्याख्या घोकून पटत नाही, असा माझा अनुभव आहे.

दुसरा प्रश्न: उतारावरून घरंगळत येणाऱ्या गोळीचा वेग-काल आलेख अंदाजाने काढा. पाच जणांनी डावीकडून उजवीकडे खाली येणारी रेषा काढली, म्हणजे आलेखाऐवजी उताराचे चित्रच काढले. इथे भाषेचाही अडथळा आहे. फळीला असतो तो उतार, आणि आलेखातली रेषा किती तिरपी आहे ते सांगतो तो रेषेचा चढ. गोळी उतारावरून येते तेव्हा वेगाची रेषा चढत जाते, हे वाक्य ऐकल्यावर मुले एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली. ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवले आहे आणि प्रकल्प संपेपर्यंत पुसायचे नाही, असे सांगितले आहे.

गुरुवार, ४ जुलै

पहिला प्रयत्न फसला. एक मीटर लांबीची लाकडी फळी एका बाजूने ३० सेंमी उचलून तिच्यावरून गोळी सोडली आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचने वेळ मोजली. दहा वेळांच्या मोजणीत ०.८ पासून १.२ सेकंदांपर्यंत काहीही येत होते. संपूर्ण प्रवासच एका सेकंदाचा, आणि बटण दाबणाऱ्या बोटाला डोळ्यामागून पोचायला सुमारे पाव सेकंद लागतो; म्हणजे घटना आणि चूक जवळजवळ एकाच मापाच्या झाल्या. उतार कमी आणि लांबी जास्त हवी, हे मुलांनी आपणहून सांगितले.

सोमवार, ८ जुलै

दुकानातून २.४ मीटर लांबीचा, दोन्ही बाजू २५ मिमी असलेला ॲल्युमिनियमचा अँगल आणला. त्याची कड खाली आणि तोंड वर ठेवले की काटकोनी पन्हळ तयार होते आणि गोळी कुठेही न भरकटता सरळ येते. गोळी म्हणजे जुन्या बेअरिंगमधला पोलादी छर्रा असून त्याचा व्यास २५ मिमी आहे. तो गावातल्या गॅरेजमधून मिळाला. अँगलचे एक टोक दुसऱ्यापेक्षा १२ सेंमी उंच ठेवले, म्हणजे २४० सेंमीत १२ सेंमी, वीसास एक असा उतार. मीटर टेप अँगलच्या कडेला चिकटवली आणि मोबाइल साधारण तीन मीटरवर तिकाटण्यावर उभा केला. मोबाइल सेकंदाला ३० चित्रे घेतो. चित्रफीत एकेक चित्र पुढे सरकवून गोळीचे स्थान वाचायचे, अशी पद्धत ठरली.

मुलांना गॅलिलिओचा प्रयोग सांगितला. १६३८ साली लायडन येथे छापलेल्या ग्रंथात त्याने त्याचे वर्णन केले आहे. सुमारे बारा हात लांबीच्या लाकडी तुळईत सरळ खाच कोरलेली, खाचेला आतून गुळगुळीत चर्मपत्र लावलेले, आणि तिच्यातून पितळेसारख्या मिश्रधातूची कठीण, गोल, घासून चकचकीत केलेली गोळी सोडायची. त्याच्याकडे सेकंद दाखवणारे घड्याळ नव्हते. मोठ्या भांड्याच्या तळाशी बसवलेल्या बारीक नळीतून पडणारे पाणी पेल्यात धरून तो त्याचे वजन करीत असे. जितके पाणी, तितका वेळ. खिशातल्या मोबाइलपेक्षा पाण्याच्या त्या पेल्याचे मुलांना जास्त अप्रूप वाटले.

बुधवार, १० जुलै

पहिली चित्रफीत वाचून झाली. वेग-काल आलेख सरळ रेषा होईल, असे मी वर्गात सांगून ठेवले होते, पण कागदावरची बिंदूंची रांग वर चढता चढता आडवी झुकू लागली. पहिल्या सेकंदात वेग सुमारे ३२ सेंमी/से ने वाढला होता, तर शेवटच्या सेकंदात जेमतेम २२ ने. एका मुलाने पट्टी ठेवून बिंदूंमधून "साधारण" सरळ रेषा ओढून टाकली. मी ती खोडायला सांगितली. बिंदू जिथे पडले तिथेच राहतील, आणि ते सरळ रेषेत का पडले नाहीत हेच आपले आजचे काम, असे म्हटले.

कारण शोधायला अर्धा तास लागला. गवंडीकाम करणाऱ्या वडिलांची सूतदोरी एका मुलीने घरून आणली आणि अँगलच्या दोन्ही टोकांना ताणून धरली. मधोमध दोरी आणि अँगल यांच्यात ८ मिमी फट होती. केवळ दोन टोकांवर टेकलेला अँगल स्वतःच्या वजनाने मध्ये बाक घेत होता. त्यामुळे वरच्या भागात उतार ठरवल्यापेक्षा जास्त आणि खालच्या भागात कमी झाला होता. गणित करून पाहिले, तर वरच्या टोकाशी उतार शंभरास ६.३ आणि खालच्या टोकाशी शंभरास ३.७ येतो, मुळात हवा होता ५. डोळ्याला अँगल सरळच दिसत होता. ८ मिमीचा बाक आम्हाला प्रथम आलेखाने दाखवला आणि दोरीने नंतर. हे मला या प्रकल्पातले आतापर्यंतचे सर्वांत मोलाचे वाटते. मध्ये तीन ठिकाणी विटा आणि जुन्या वह्यांची थप्पी लावून अँगल दोरीला टेकेपर्यंत उचलला.

शनिवार, १३ जुलै

पावसाळी अंधारामुळे मोबाइल प्रत्येक चित्राला जास्त वेळ घेतो आणि वेगाने जाणारी गोळी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लांब फराट्यासारखी उमटते. म्हणून नेहमी फराट्याचे पुढचे टोकच वाचायचे, असा नियम केला आणि खिडकीपाशी जागा बदलली.

आजची मोजणी समाधानकारक आहे. गोळी सोडल्यापासून दर अर्ध्या सेकंदाला कापलेले एकूण अंतर सेंटिमीटरमध्ये असे आले: ३.५, १३.५, ३०, ५३, ८३.५, ११९.५ आणि १६३. म्हणजे सात अर्ध्या सेकंदांत अनुक्रमे ३.५, १०, १६.५, २३, ३०.५, ३६ आणि ४३.५ सेंमी. पहिल्या टप्प्याला एक मानले, तर पुढचे टप्पे जवळपास ३, ५, ७, ९, ११, १३ पट पडतात. विषम संख्यांचा हाच क्रम गॅलिलिओने नोंदवला होता. प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा सुमारे पावणेसात सेंटिमीटरने मोठा आहे, हे वजाबाकी करताना एका मुलीच्या लक्षात आले आणि ती म्हणाली, "बाई, अंतर वाढतंय, पण वाढण्याचं माप तेवढंच राहतंय." व्याख्येपेक्षा हे वाक्य मला अधिक जवळचे वाटले.

अंतराला अर्ध्या सेकंदाने भागून सरासरी वेग काढले: ७, २०, ३३, ४६, ६१, ७२, ८७ सेंमी/से. आलेख काढताना सर्वांनी पहिला वेग ०.५ सेकंदावर, दुसरा १ सेकंदावर, असे बिंदू मांडले. रेषा सरळ आली, पण मागे वाढवली असता ती शून्यातून न जाता आडव्या अक्षाला पाव सेकंदाच्या आसपास छेदू लागली. याचा अर्थ, गोळी सोडल्यावर पाव सेकंद जागेवरच थांबली होती, असा होतो. चित्रफितीत तसे काही दिसत नाही. इथे मी बराच वेळ दिला. पहिल्या अर्ध्या सेकंदाची सरासरी ७ आहे, पण ०.५ सेकंदाला गोळी त्याहून वेगात आहे आणि सुरुवातीला ती थांबलेलीच होती; मग ७ हा वेग तिला नक्की केव्हा होता? वेग समान गतीने वाढत असेल तर बरोबर मधल्या क्षणी, म्हणजे ०.२५ सेकंदाला. बिंदू प्रत्येक टप्प्याच्या मध्यावर सरकवले आणि रेषा शून्यातून गेली. एखाद्या क्षणाचा वेग ही कल्पना आपल्याकडे नवी नाही; भास्कराचार्यांनी ११५० साली सिद्धान्तशिरोमणीत ग्रहांची तात्कालिक गती मांडली आहे, आणि आजच्या पाठ्यपुस्तकातही शब्द तात्कालिक वेग असाच येतो.

रेषेचा चढ काढला: ०.२५ ते ३.२५ या ३ सेकंदांत वेग ७ वरून ८७ वर गेला, म्हणजे ८० भागिले ३, सुमारे २६.७ सेंमी/से². रेषेखालच्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ ३.५ सेकंदांपर्यंत १६३.४ येते आणि टेपवर वाचलेले अंतर १६३ सेंमी होते. आलेख कागदावरचे चौकोन मोजून मुलांनी हा आकडा काढला. क्षेत्रफळ सेंटिमीटरच्या वर्गात न येता साध्या सेंटिमीटरमध्ये कसे येते, यावरून मात्र वाद झाला. उभ्या बाजूचे एकक सेंमी/से आणि आडव्या बाजूचे सेकंद, असे लिहून दाखवल्यावर तो मिटला.

गुरुवार, १८ जुलै

काल आषाढी एकादशीची सुट्टी होती. आज नवी अडचण हाताळायला घेतली. वीसास एक उतारावर गुरुत्वाकर्षणामुळे मिळणारे त्वरण ९८० (सरळ खाली पडणाऱ्या वस्तूचे त्वरण, सेंमी/से² मध्ये) भागिले २०, म्हणजे ४९ सेंमी/से² असायला हवे. आमचे आले २६.७, जेमतेम निम्म्याहून थोडे अधिक. सगळ्यांनी एकमुखाने उत्तर दिले: घर्षण. आपल्या शाळांत उत्तर जुळले नाही की घर्षणावर ढकलायची सवय फार जुनी आहे, आणि ती मोडायची तर घर्षणाचीच परीक्षा घ्यावी लागते.

घर्षणामुळे सुमारे २२ सेंमी/से² कमी होत असतील, तर उतार दुप्पट केल्यावरही जवळपास तेवढेच कमी व्हायला हवेत. म्हणजे ९८ मधून २२ गेले, ७६ उरले, आणि गोळीने २ मीटर अंतर सुमारे २.३ सेकंदांत कापावे. हा आकडा मोजणीच्या आधी फळ्यावर लिहून ठेवला. मग टोक २४ सेंमी उचलून गोळी सोडली. वेळ २.७ सेकंद लागला, त्वरण ५४ च्या जवळ. उतार दुप्पट, त्वरणही दुप्पट. म्हणजे जे हरवते आहे ते ठरावीक रकमेने नव्हे, ठरावीक प्रमाणात हरवते आहे. घर्षणाचे उत्तर खोडावे लागले. पोलादी छर्‍याऐवजी काचेची गोटी सोडून पाहिली. जड गोळी आधी पोचेल असे सहा जणांचे मत होते, पण दोघींच्या वेळांत मोजता येण्याजोगा फरक पडला नाही.

शनिवार, २० जुलै

एका विद्यार्थिनीने शाळेत येताना एसटीत बसून मोबाइलवरील वेगाचे आकडे दर दोन सेकंदांनी लिहून आणले. थांब्यावरून सुटल्यावर शून्यापासून ताशी ३६ किमी व्हायला १४ सेकंद लागले, म्हणजे त्वरण सुमारे ०.७ मी/से². पुढे गाडी काही वेळ ताशी ५४ च्या आसपास एकसारखी चालली. तिथे आलेखाची रेषा आडवी आहे आणि त्वरण शून्य. पुढच्या थांब्याआधी ३६ वरून शून्यावर यायला ८ सेकंद लागले. त्वरण ऋण, सुमारे १.२५ मी/से². सर्वांत जास्त हिसका कुठे बसला, असे विचारल्यावर तिने आलेखाच्या याच शेवटच्या भागावर बोट ठेवले. पहिल्या दिवशीचा मोटार आणि एसटीचा प्रश्न मी पुन्हा विचारला नाही. तिने वर्गाला स्वतःच समजावून सांगितला.

सोमवार, २२ जुलै

२६.७ चे कोडे आज सुटले. गोळी घसरत नाही, घरंगळते. तिला पुढे जाता जाता स्वतःभोवती फिरवावेही लागते, आणि उंचीवरून मिळालेल्या ऊर्जेचा एक वाटा त्या फिरण्यात जातो. पुढचाच पाठ कार्य आणि ऊर्जेचा असल्याने हे सांगणे सोपे गेले. भरीव गोळी सपाट पृष्ठभागावर घरंगळली तर पुढे जाण्याच्या वाट्याला ऊर्जेचा ५/७ भाग येतो आणि त्वरणही त्याच प्रमाणात मिळते. ४९ चे ५/७ म्हणजे ३५. आमचे त्याहूनही कमी आहे, म्हणून नजर अँगलकडे वळली.

छर्‍यावर नेलपेंटचा एक ठिपका दिला. सनमायका लावलेल्या प्लायवर हाताने अगदी सावकाश घरंगळवत ठिपका दहा वेळा माथ्यावर येईपर्यंत किती अंतर गेले ते मोजले: ७८ सेंमी. २५ मिमी व्यासाच्या परिघाच्या दहापट म्हणजे ७८.५ सेंमी, अपेक्षित तेच. मग तेच अँगलमध्ये केले आणि दहा फेऱ्यांत गोळी ५५.५ सेंमीच गेली. मुलांनी मोजणी तीनदा केली, कारण त्यांना ती चूक वाटली. गोळी तीच आहे, पण काटकोनी पन्हळीत ती तळाशी टेकत नाही, दोन्ही बाजूंच्या भिंतींवर टेकते. तिच्या मध्यापासून या दोन टेकूंना जोडणाऱ्या रेषेपर्यंतचे अंतर १२.५ मिमी नसून सुमारे ८.८ मिमी भरते, आणि जणू तेवढ्याच लहान चाकावर ती धावते. तेवढेच अंतर जायला तिला जास्त फेऱ्या घ्याव्या लागतात, फिरण्याचा वाटा ४/९ वर जातो आणि पुढे जायला ५/९ उरतो. ४९ चे ५/९ म्हणजे २७.२. गोळीचा व्यास किंवा वजन या हिशेबात कुठेच उरत नाही, त्यामुळे गोटी आणि छर्रा बरोबरीने का आले, हेही उलगडले.

पडताळा म्हणून प्लायची लांब पट्टी वीसास एक उतारावर ठेवून, आडव्या दिशेने पाणसळीने समतल करून, तिच्यावरून छर्रा सोडला. बऱ्याच वेळा तो काठावरून खाली गेला. जे पाच प्रयत्न सरळ गेले त्यांत २ मीटरला सरासरी ३.४३ सेकंद लागले, म्हणजे त्वरण ३४. अपेक्षा ३५ ची होती. गॅलिलिओच्या गोळीतही फिरण्याचा वाटा होताच. पण त्याला अंतर आणि काळाचा वर्ग यांचे प्रमाण तपासायचे होते, आणि वाटा प्रत्येक क्षणी सारखाच राहत असल्यामुळे त्या प्रमाणाला धक्का लागत नाही.

शुक्रवार, २६ जुलै

आज गोळी खालच्या टोकाकडून वर ढकलली. ती सावकाश होत वर गेली, क्षणभर थांबली आणि परत आली. आलेखाआधी विचारले: सर्वांत वरच्या बिंदूवर वेग किती, त्वरण किती? वेग शून्य हे सर्वांचे बरोबर आले, पण त्वरणही शून्य असे सहा जणांनी लिहिले. "गोळी थांबली की त्वरणही थांबलं ना, बाई?" या प्रश्नावर मी उलट विचारले, की त्या क्षणी वेगही शून्य आणि वेगातला बदलही शून्य असेल, तर पुढच्या क्षणी गोळी काय करेल? थोड्या शांततेनंतर एक जण म्हणाला, "तिथंच बसून राहील."

वर जाण्याची दिशा धन धरून आलेख काढला. वेगाची रेषा ६० सेंमी/से च्या जवळून निघून खाली येते, आडव्या अक्षाला छेदते आणि पलीकडे ऋण बाजूला तशीच उतरत जाते. छेदबिंदूपाशी रेषा आडवी होत नाही. गोळी थांबली त्या क्षणाचा वेगळा पत्ताच आलेखावर लागत नाही, अक्ष पुसला तर तो कुठे होता हे सांगता येणार नाही. दोन मुलांनी अक्ष खरोखरच खोडरबराने पुसून पाहिला.

बारकाईने पाहता रेषेचा चढ दोन्हीकडे अगदी एकसारखा नाही. चिन्ह बाजूला ठेवले तर वर जाताना २७.८ आणि खाली येताना २६.७ आहे. खरे घर्षण एवढेच: वर जाताना ते गुरुत्वाकर्षणाच्या बाजूने असते आणि खाली येताना त्याच्या विरुद्ध, म्हणून एकदा मिळवले जाते आणि एकदा वजा होते. दोहोंची सरासरी २७.२५, आणि ४९ चे ५/९ आहेत २७.२. यावरून उलट गणित करून गुरुत्वत्वरण काढले तर ९.८१ मी/से² येते. मुलांनी टाळ्या वाजवल्या, पण १२ सेंमी उंची मोजताना एका मिलिमीटरचीही चूक झाली, तर उत्तर ०.०८ ने हलते. म्हणून वहीत ९.८ एवढेच लिहायला लावले आणि दुसरा दशांश खोडला.

सोमवार, २९ जुलै

तक्ते पूर्ण झाले. बाक आलेल्या अँगलचा १० जुलैचा आलेखही मूळ बिंदूंसह तक्त्यावर लावला आहे. तो काढून टाकावा असे दोघांचे म्हणणे होते, पण बाकीच्यांनी मान्य केले नाही. छर्रा पावसाळी हवेत गंजू लागला होता, म्हणून तेलाचा हात फिरवून डबीत ठेवला. वापरण्याआधी तो कोरड्या फडक्याने पुसून घ्यावा. अँगल भिंतीला टेकवून ठेवल्यास पुन्हा बाक घेईल, तेव्हा तो एका टोकाला भोक पाडून खिळ्याला उभा टांगला आहे.